पाळी येते, तरी रक्त अडते: तासगाव तालुक्यातील एका मुलीचे प्रकरण

मुलगी १३ वर्षे ८ महिन्यांची, आठवीत शिकणारी. गाव तासगाव तालुक्यात, आई द्राक्षबागेत रोजंदारीवर. पाळी सुरू होऊन १४ महिने झालेले. पाळी २८ ते ३२ दिवसांनी येते, पाच दिवस चालते, दिवसाला तीन पॅड लागतात. म्हणजे कागदावर सगळे ठीक. तक्रार एकच: उजव्या ओटीपोटात दुखते, आणि ते दर महिन्याला वाढते.

हे प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. जन्मजात दुहेरी गर्भाशय आणि एका बाजूचा बंद योनिमार्ग असलेल्या मुलींमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एकत्र जोडून ते मांडले आहे. निदानाला उशीर कुठे झाला आणि का झाला, हे दाखवणे हा त्यामागचा हेतू.

दुखण्याचा हिशेब

पहिल्या तीन-चार पाळ्यांना थोडे दुखले. "नवीन पाळीला दुखतंच की," असे आजी म्हणाली आणि ते चुकीचे नव्हते. पाचव्या पाळीपासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळा यायला लागल्या. आठव्या पाळीपासून रक्त थांबल्यावरही चार-पाच दिवस दुखणे राहू लागले. शेवटच्या दोन महिन्यांत पाळी नसतानाही उजवीकडे सतत जडपणा, लघवीला बसले की धार लवकर सुटत नाही, शौचाला कुंथावे लागते. शाळा दर महिन्याला तीन-चार दिवस बुडते.

आईने हे सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपले होते. पाळीच्या दिवसांवर तांबडे गोल, दुखण्याच्या दिवसांवर फुली. पहिल्या महिन्यांत फुल्या गोलांच्या आत होत्या. पुढे त्या गोलांच्या बाहेर पडत गेल्या आणि शेवटच्या पानावर जवळजवळ निम्मा महिना फुल्यांनी भरला होता. निदानाची दिशा या कॅलेंडरने जेवढी दाखवली तेवढी तोवरच्या कुठल्याच रिपोर्टने दाखवली नव्हती. साधे पाळीचे दुखणे रक्त सुरू होताना किंवा किंचित आधी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. ते दोन्ही बाजूंना, मध्यभागी, कंबरेत, मांड्यांत असते. दुखणे एकाच बाजूला असेल, महिन्यामागून महिना चढत असेल आणि रक्त थांबल्यावरही रेंगाळत असेल, तर ते साधे दुखणे समजून सोडू नये. आत कुठेतरी रक्त साचत असल्याची शक्यता तपासावीच लागते.

दहा महिन्यांत काय काय झाले

गावातल्या डॉक्टरांनी मेफेनामिक ॲसिड आणि डायसायक्लोमाइनची गोळी दिली. दोन पाळ्या बऱ्या गेल्या. नंतर गोळी पुरेना म्हणून डायक्लोफेनॅकची इंजेक्शने सुरू झाली, दर पाळीला दोन ते तीन. एकदा रात्री दुखणे अनावर झाल्याने अपेंडिक्सच्या संशयावरून दवाखान्यात दाखल केले. ताप नव्हता, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या, दुसऱ्या दिवशी दुखणे उतरले आणि मुलगी घरी आली. अपेंडिक्सची शंका येणे रास्तच होते. या विकारात उजवी बाजू डावीपेक्षा जास्त वेळा बंद असते, त्यामुळे ही गल्लत वारंवार होते आणि कधी कधी अपेंडिक्स काढलाही जातो.

मग एक सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आला: उजव्या अंडाशयाची सुमारे ८ सेंमीची गाठ, आत जुने रक्त, चॉकलेट सिस्ट (अंडाशयात जुने, दाट रक्त साचून होणारी गाठ) असण्याची शक्यता. पोट उघडून गाठ काढावी असा सल्ला मिळाला. घरचे हादरले आणि दुसरे मत घ्यायला मिरजेला आले.

प्लास्टिकच्या पिशवीत आईने सगळे कागद आणले होते. त्यात रेशन कार्डाच्या झेरॉक्सखाली दुमडलेला, पिवळा पडलेला एक जुना सोनोग्राफी रिपोर्ट होता. मुलगी पाच वर्षांची असताना लघवीच्या जंतुसंसर्गासाठी केलेला. त्यात एक ओळ होती: उजवी किडनी जागेवर दिसत नाही, डावी किडनी नेहमीपेक्षा मोठी. "एक किडनी पुरते म्हणाले तेव्हा, म्हणून मग आम्ही काय बोललो नाही," आई म्हणाली. एक किडनी पुरते हे खरेच आहे. पण मुलीच्या बाबतीत त्या वाक्याला एक जोड हवी होती, आणि ती कोणी दिली नाही.

किडनीचा आणि गर्भाशयाचा संबंध

पोटातला गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना त्याच्यात उजवी आणि डावी अशा दोन म्युलेरियन नळ्या तयार होऊ लागतात. त्यांचा वरचा भाग बीजवाहिन्या होतो. खालचा भाग मध्यावर येऊन जुळतो, त्यातून गर्भाशय, त्याचे मुख आणि योनिमार्गाचा वरचा भाग घडतो. जुळल्यावर मधे राहिलेला पडदा साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत विरून जातो. अंडाशये मात्र वेगळ्याच पेशींपासून बनतात. म्हणून गर्भाशयात कितीही दोष असला तरी अंडाशये बहुधा चांगली असतात, छातीची वाढ वेळेवर होते, पाळीचे चक्र ठरल्याप्रमाणे चालते.

म्युलेरियन नळीच्या शेजारून वोल्फियन नळी जाते. तिला एक कळी फुटते आणि त्या कळीमुळे त्या बाजूची किडनी घडते. म्युलेरियन नळी खाली उतरते तीही वोल्फियन नळीचा आधार घेत. उजवी वोल्फियन नळीच बिघडली तर एकाच वेळी दोन नुकसाने होतात: उजवी किडनी होत नाही, आणि उजवी म्युलेरियन नळी मध्यापर्यंत पोहोचून डावीशी जुळू शकत नाही. मग दोन वेगळी गर्भाशये, दोन मुखे आणि दोन योनिमार्ग होतात. त्यातला उजवा योनिमार्ग खाली उघडतच नाही, तोंड बंद असलेली पिशवी म्हणून राहतो.

पाळी सुरू झाली की दोन्ही गर्भाशयांतून रक्त येते. डावीकडचे बाहेर पडते, उजवीकडचे पिशवीत साठते. बाहेर पाळी दिसते, म्हणून अडथळ्याची शंका कोणाला येत नाही. योनिपटलाला छिद्रच नसते तेव्हा पाळी मुळीच दिसत नाही आणि आई स्वतःहून मुलीला घेऊन येते. इथे नेमके उलटे घडते, आणि उशिराचे मूळ हेच.

या विकाराला हर्लिन-वर्नर-वुंडरलिख सिंड्रोम म्हणतात. १९७१ मध्ये हर्लिन आणि वर्नर यांनी व १९७६ मध्ये वुंडरलिख यांनी त्याची वर्णने केली. २००७ पासून ओहविरा (बंद अर्धा योनिमार्ग आणि त्याच बाजूच्या किडनीचा दोष, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे) हे लघुनामही वापरात आहे.

पाच वर्षांच्या मुलीचे गर्भाशय अवघे तीन सेंमीच्या आसपास असते, त्यामुळे त्या वयातल्या सोनोग्राफीत दुहेरीपणा दिसला नाही यात तपासणाऱ्याचा दोष नाही. दिसते ते दोन वेळा. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईच्या संप्रेरकांमुळे बाळाचे गर्भाशय फुगलेले असते तेव्हा, आणि पुढे छाती वाढायला लागल्यावर. मुलीला एकच किडनी आहे असे कळले, की छातीची वाढ सुरू झाल्यावर आणि पहिल्या पाळीच्या आधी ओटीपोटाची एक सोनोग्राफी ठरवून ठेवायची. जुन्या रिपोर्टाखाली एवढी एक ओळ असती तर दहा महिने वाचले असते.

तपासणी

मुलीला टेबलावर घेण्याआधी काय पाहणार हे तिला आणि आईला सांगितले. योनीत बोट घालून तपासणी केली नाही, करायची गरजही नव्हती. फक्त बाहेरून पाहिले. योनिपटलाला नेहमीसारखे छिद्र होते, निळसर फुगवटा नव्हता. पोटावर उजवीकडे जघनास्थीच्या वर घट्ट, दुखणारी सूज हाताला लागत होती. रक्तदाब १०४/६६, वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन १०.४, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.७, लघवीत प्रथिने नाहीत. सीए-१२५ ही रक्तचाचणी मुद्दाम केली नाही. साचलेल्या रक्ताने ती एरवीही वाढते आणि घरच्यांच्या मनात कॅन्सरची भीती घालते, निदानाला काही उपयोग होत नाही.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेले लागते. तासभर आधी लिटरभर पाणी प्यायला सांगतात. पण या मुलींना भरलेले मूत्राशय सोसत नाही आणि काहींची लघवी तुंबते. म्हणून गावाहून एसटीत बसतानाच पाणी प्यायला लावायचे नाही, दवाखान्यात पोहोचल्यावर प्यायला द्यायचे.

प्रोब आडवा धरून गर्भाशयाच्या माथ्यापासून सावकाश खाली सरकवत नेला. माथ्याजवळ अस्तराच्या एकाऐवजी दोन रेषा दिसल्या, एकमेकींपासून लांब. डावी रेषा खाली मुखापर्यंत सरळ गेली. उजवी रेषा खाली जाऊन एका मोठ्या पिशवीत उघडली. पिशवी ८.५ × ६ × ५.५ सेंमीची, आत बारीक कणांसारखे प्रतिध्वनी. तिन्ही मापांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणले की अंदाजे आकारमान मिळते: सुमारे १४५ मिलि. उजवे अंडाशय या पिशवीपासून वेगळे, वरच्या बाजूला स्वच्छ दिसत होते. पहिल्या सोनोग्राफीत घसरण इथेच झाली होती. ओटीपोटात जुने रक्त भरलेली गाठ दिसली की ती अंडाशयाची मानण्याची सवय असते. त्याच बाजूचे अंडाशय वेगळे शोधून दाखवल्याशिवाय तरुण मुलीच्या रिपोर्टात चॉकलेट सिस्ट हा शब्द घालू नये. मग प्रोब वर नेऊन किडन्या पाहिल्या: उजवी जागा रिकामी, डावी किडनी ११.६ सेंमी.

निदान झालेच होते. तरी एमआरआय केला, कारण शस्त्रक्रियेला नकाशा लागतो. तपासणाऱ्याला चिठ्ठीत तीन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, गर्भाशयाच्या लांबीला समांतर छेद घ्यावेत, शरीराच्या सरळ छेदांत दोन गर्भाशयांचा माथा नीट कळत नाही. दुसरी, मधल्या पडद्याची जाडी आणि त्याचे खालचे टोक मोजावे. तिसरी, उजवी किडनी खरोखरच नाही की सुपारीएवढी, न वाढलेली कुठे दडली आहे ते पाहावे. अशा खुरट्या किडनीची मूत्रवाहिनी कधी कधी बंद योनिमार्गातच उघडते. ती आधी कळली नाही तर पडदा काढल्यावर मुलीला सतत लघवीचे थेंब गळू लागतात आणि शस्त्रक्रियेत इजा झाली असा समज होतो. इथे तशी किडनी नव्हती. पडदा ४ मिमी जाड होता. उजव्या बीजवाहिनीत रक्त साचलेले नव्हते. शिरेतून रंगद्रव्य द्यायची गरज पडली नाही.

शस्त्रक्रियेपर्यंतचे तीन आठवडे

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मधे एक पाळी येणार होती. म्हणजे पिशवीत आणखी भर. म्हणून नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देऊन पाळी लांबवली. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, चुकली तर रक्त सुरू होते.

डायक्लोफेनॅक आणि मेफेनामिक ॲसिड पूर्ण बंद केले. एकच किडनी असलेल्या मुलीला दहा महिने ही औषधे मिळत होती, अनेकदा उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर, कारण लघवीला त्रास म्हणून ती पाणीच टाळत होती. या गटातली औषधे किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. तिचे क्रिएटिनिन शाबूत राहिले हे नशीब. दुखले तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. ताप आला किंवा लघवी पूर्ण अडली तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे आईला दोनदा सांगितले.

याच काळात एका नातेवाइकाने विचारले की सुई घालून रक्त काढून टाकता येणार नाही का, कापाकापी कशाला. हा मार्ग सोपा वाटतो म्हणूनच तो ठामपणे नाकारायला हवा. साचलेले रक्त मधासारखे दाट असते, सुईतून पुरते येत नाही. सुईचे भोक दोन दिवसांत बुजते. पण तेवढ्यात जंतू आत शिरलेले असतात आणि रक्ताची पिशवी पुवाची होते. तो पू वर बीजवाहिनीपर्यंत चढला तर मुलीच्या पुढच्या मातृत्वावरच घाला पडतो. लहानशी चीर देऊन सोडणेही त्याच कारणाने चूक.

घरच्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो आईने मुलगी बाहेर गेल्यावर विचारला: लग्नाला अडचण येईल का, तिथे कापल्याचे कळेल का. उत्तर सरळ दिले. शस्त्रक्रिया योनिमार्गाच्या आत होते, पोटावर टाका येत नाही. योनिपटल वाचवण्याचा प्रयत्न बारीक दुर्बिणीने केला जातो, पण त्याची हमी देता येत नाही आणि त्यासाठी पडदा अर्धवट ठेवणार नाही. मुलीलाही चित्र काढून समजावले. संमतिपत्रावर सही पालकांची असली, तरी चौदा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलीचा होकार वेगळा घ्यायचा असतो. तिने एकच विचारले: कबड्डी खेळता येईल ना?

शस्त्रक्रिया

भूल दिल्यावर, चीर देण्याआधी प्रतिजैविकाचा डोस दिला. मूत्राशयात १२ नंबरचा फोली कॅथेटर घातला. लघवीसाठी तो लागतोच, शिवाय त्यामुळे मूत्रमार्ग कुठे आहे ते बोटाला सतत कळते. एक सहकारी पोटावरून सोनोग्राफी धरून उभा.

दुर्बीण योनिमार्गात घालून सलाइन सोडले. डावे मुख दिसले. उजवी भिंत आत फुगलेली होती. फुगवट्याच्या सर्वांत ताणलेल्या जागी सुई घालून आधी खात्री केली: काळपट तपकिरी, काकवीसारखा दाट द्रव आला. इथे सुईचा उपयोग तेवढाच, जागा बरोबर असल्याचा पुरावा. मग त्याच जागी विजेच्या सुरीने दोन सेंमीची उभी चीर दिली. सुमारे १५० मिलि रक्त बाहेर आले. पिशवी सलाइनने धुतली, पण हलक्या दाबाने, कारण जोरात सोडलेले पाणी जुने रक्त बीजवाहिनीतून पोटात ढकलते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि घाईत हाच बिघडतो. पडदा फक्त चिरून सोडला तर कडा पुन्हा चिकटतात. तो वरपासून खालपर्यंत, भिंतीला टेकेपर्यंत तुकड्यातुकड्याने काढावा लागतो. मात्र पडदा चिमट्याने फार ओढून कापला तर ताणामुळे मूत्राशयाची किंवा गुदाशयाची भिंत त्याच्याबरोबर ओढली जाते आणि कापली जाऊ शकते. ताण सोडून, सोनोग्राफीवर कडा पाहत पुढे गेले. शेवटी उजवे मुख उघडे दिसले, डाव्याच्या शेजारी, जरा लहान. कापलेल्या कडांना विरघळणारे २-० चे सुटे टाके घातले, म्हणजे दोन्ही बाजूंचे अस्तर एकमेकांना जुळते आणि उघडी जखम राहत नाही. तोंड रुंद राहिल्याने आत साचा किंवा नळी ठेवावी लागली नाही. पोटातून दुर्बीण घातली नाही, कारण बीजवाहिनी स्वच्छ होती. उलट्या वाहिलेल्या रक्ताने पोटात थोडेफार एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर रुजणे) झालेले असले, तरी अडथळा निघाल्यावर ते बहुतेकदा आपोआप ओसरते. उजवे गर्भाशय काढण्याचा प्रश्नच नव्हता. ते निरोगी आहे आणि त्यातही मूल वाढू शकते.

घरी गेल्यावर

कॅथेटर दुसऱ्या दिवशी काढला, तिसऱ्या दिवशी मुलगी घरी गेली. दोन-तीन आठवडे तपकिरी स्राव चालतो. त्याला घाण वास आला, ताप आला किंवा दुखणे पुन्हा वाढू लागले तर लगेच यायचे. रोज आंघोळ करायची, पॅड चार-सहा तासांनी बदलायचे. शाळा आठवड्याने, कबड्डी सहा आठवड्यांनी.

एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेवली: पुढच्या पाळीला रक्त जास्त दिसेल. आता दोन्ही गर्भाशयांचे रक्त बाहेर येणार. दिवसाला तीनऐवजी चार-पाच पॅड लागले तर घाबरायचे नाही, पण तासा-दोन तासाला पॅड भिजू लागले तर यायचे. हे न सांगितल्याने टाके सुटले असे समजून मध्यरात्री धावपळ होते. हिमोग्लोबिन १०.४ असल्याने लोहाची गोळी तीन महिने दिली.

सहाव्या आठवड्यात, पाळी होऊन गेल्यावर, सोनोग्राफी केली. पिशवी नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तोंड उघडे होते. कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत एक-एक फुली, बाकी कोरे.

पुढची वर्षे

जन्मजात गर्भाशयदोष दुर्मीळ नाहीत. २०११ च्या एका मोठ्या संकलनात सर्वसाधारण स्त्रियांत ते ५.५ टक्के, वंध्यत्व असलेल्यांत ८ टक्के आणि गर्भपात झालेल्यांत १३.३ टक्के आढळले. मात्र सगळे दोष एका मापाने मोजता येत नाहीत. मधे पडदा राहिलेल्या एकाच गर्भाशयात गर्भपाताचे प्रमाण अधिक असते. गर्भाशयाच्या बंद, खुरट्या शिंगात (नीट न वाढलेल्या एका बाजूच्या भागात) गर्भ रुजला तर ते शिंग फुटून आईचा जीव जाऊ शकतो. या मुलीसारख्या दुहेरी गर्भाशयात दिवस राहण्याची शक्यता चांगली असते. धोका असतो तो मुदतीआधी बाळंतपणाचा आणि बाळ पायाळू असण्याचा. म्हणून दिवस राहिल्यावर लवकर सोनोग्राफी करून गर्भ कोणत्या बाजूला आहे ते नोंदवायचे, आणि बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी ठरवायचे. सिझेरियन केवळ दुहेरी गर्भाशय आहे म्हणून करायचे नसते. तांबी बसवायची वेळ आली तर एका बाजूची तांबी पुरत नाही. तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करताना दोन्ही मुखे तपासावी लागतील, आणि तपासणाऱ्या सिस्टरला हे कोणी सांगितले नाही तर एकच मुख पाहून कागद भरला जाईल.

किडनीसाठी वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, उन्हाच्या दिवसांत पाणी भरपूर. कबड्डीला सरसकट बंदी घातली नाही. पोटाला जोराचा मार लागला आणि लघवी लाल झाली तर त्याच दिवशी दाखवायचे, एवढी अट.

फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले: जन्मतः उजवी किडनी नाही, गर्भाशये दोन, मुखे दोन, उजव्या योनिमार्गाचा पडदा काढलेला. त्या पानाला लॅमिनेशन केले, झेरॉक्स आईच्या पिशवीत ठेवली. किडनी नसणे काही घराण्यांत एकाहून अधिक जणांत आढळते, म्हणून नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीची पोटाची सोनोग्राफी त्याच फेरीत करून घेतली. तिच्या दोन्ही किडन्या जागेवर आहेत.